स्त्री-संप्रेरके आणि रक्तदाब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, गर्भाशयाची शस्त्रक्रिया, रजोनिवृत्ती या प्रत्येक टप्प्यावर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे प्रमाण बदलते, आणि त्यासोबत रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचे कामही बदलते. याविषयी स्त्रिया आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे वाचून कोणीही चालू औषध स्वतःहून बंद करू नये किंवा बदलू नये, ही विनंती.

इस्ट्रोजेनमुळे रक्तदाब कमी होतो की वाढतो?

दोन्ही गोष्टी घडतात, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. अंडाशयात तयार होऊन थेट रक्तात मिसळणारे इस्ट्रोजेन बहुतांशी रक्तदाब आटोक्यात ठेवण्याच्या बाजूने काम करते. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन, विशेषतः गर्भनिरोधक गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेन, काही स्त्रियांचा रक्तदाब वाढवते. म्हणून इस्ट्रोजेन चांगले की वाईट, असे सरसकट विचारण्यात अर्थ नाही. ते शरीरात तयार झाले की बाहेरून आले, कोणत्या वाटेने आले, किती मात्रेत आले आणि कोणत्या वयात आले, हे विचारायला हवे. पुढची बहुतेक उत्तरे याच चार गोष्टींभोवती फिरतात.

अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन नेमके काय करते?

सर्वांत चांगला अभ्यास झाला आहे तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरील परिणामाचा. या अस्तराच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या जागा, असतात. संप्रेरक त्यांना जोडले गेले की पेशींमधील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने नायट्रिक ऑक्साइड तयार करते, आणि हा वायू वाहिनीच्या भिंतीतील स्नायूंपर्यंत पोहोचून त्यांना सैल करतो. वाहिनी रुंद झाली की रक्ताला होणारा विरोध कमी होतो. नायट्रिक ऑक्साइडचे हे कार्य उलगडणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुइस इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा परिणाम मूत्रपिंडाशी निगडित आहे. शरीरातील मीठ व पाणी कमी झाले किंवा रक्तदाब उतरला की मूत्रपिंडे रेनिन नावाचे विकर सोडतात. यकृतात तयार होणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनावर रेनिनची क्रिया होते आणि पुढील टप्प्यांतून अँजिओटेन्सिन-२ हे रसायन बनते, जे वाहिन्या आवळते आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामार्फत शरीरात मीठ धरून ठेवते. अंडाशयातील इस्ट्रोजेन या साखळीला लगाम घालते: रेनिनचे प्रमाण आणि अँजिओटेन्सिन-२ बनवणाऱ्या विकराची क्रिया कमी करते, तसेच वाहिन्यांचा या रसायनाला मिळणारा प्रतिसादही सौम्य करते. रक्तदाबाची अनेक प्रचलित औषधे याच साखळीवर काम करतात, हे लक्षात घेतले तर या लगामाचे महत्त्व कळते.

तिसरा परिणाम मज्जासंस्थेवरचा आहे. तरुण पुरुषांमध्ये वाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंची क्रिया जितकी अधिक, तितका रक्तवाहिन्यांचा विरोध अधिक, असा सरळ संबंध आढळतो. तरुण स्त्रियांमध्ये तो आढळत नाही, कारण त्यांच्या वाहिन्यांतील बीटा ग्राही आवळण्याच्या संदेशाला वाहिनी रुंद करून उत्तर देतात. रजोनिवृत्तीनंतर हे संरक्षण नाहीसे होते आणि मज्जातंतूंची वाढलेली क्रिया थेट रक्तदाबात उतरू लागते.

प्रोजेस्टेरॉनचा यात काय वाटा आहे?

प्रोजेस्टेरॉन मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनची जागा अडवते. अल्डोस्टेरॉनला जो ग्राही हवा असतो, त्याच ग्राहीला प्रोजेस्टेरॉन चिकटते, पण त्याला कामाला लावत नाही. परिणामी मीठ धरून ठेवण्याचा आदेश पोहोचत नाही आणि ते लघवीवाटे बाहेर जाते. पाळीच्या मासिक चक्राच्या उत्तरार्धात आणि गरोदरपणात शरीर जास्त अल्डोस्टेरॉन तयार करते, ते या अडवणुकीची भरपाई म्हणून.

हा समतोल किती नाजूक असतो, याचे एक विलक्षण उदाहरण २००० साली पुढे आले. एका कुटुंबात याच ग्राहीच्या जनुकात एक छोटा बदल आढळला. त्या बदलामुळे प्रोजेस्टेरॉन ग्राहीला अडवण्याऐवजी चालू करत होते. अशा स्त्रियांना गरोदरपणात, म्हणजे प्रोजेस्टेरॉन कैक पटींनी वाढलेले असताना, अतितीव्र उच्च रक्तदाब झाला. हा बदल अत्यंत दुर्मीळ आहे, त्यामुळे कोणी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र ज्या संप्रेरकाने मीठ बाहेर टाकायला मदत करायची, तेच एका ग्राहीच्या घडणीत फरक पडताच उलट वागू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

गोळ्यांमध्ये आणि इंजेक्शनांमध्ये वापरली जाणारी प्रोजेस्टिन ही प्रोजेस्टेरॉनची कृत्रिम भावंडे आहेत आणि ती सर्व सारखी वागत नाहीत. ड्रोस्पिरेनोनमध्ये मीठ बाहेर टाकण्याचा गुण आहे, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलमध्ये तो नाही. ड्रोस्पिरेनोनमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या स्त्रीने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाळीच्या दिवसांत रक्तदाब बदलतो का?

बदलतो, पण निरोगी स्त्रीमध्ये हा फरक काही अंकांचाच असतो आणि त्यावरून उपचार ठरवले जात नाहीत. पाळीच्या दुखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांकडे मात्र लक्ष द्यावे. त्या मूत्रपिंडात मीठ व पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम कमी करतात. दर महिन्याला चार-पाच दिवस या गोळ्या घेणाऱ्या आणि रक्तदाब असलेल्या स्त्रीने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी, कारण औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या या गोळ्यांची नोंद कुठल्याच कागदावर नसते.

गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तदाब का वाढतो?

गिळलेली गोळी आतड्यांतून शोषली जाऊन आधी यकृतात जाते आणि मग शरीरभर पसरते. या पहिल्या फेरीत यकृताला इस्ट्रोजेनची मोठी मात्रा एकदम मिळते, आणि त्याच्या प्रभावाखाली यकृत अँजिओटेन्सिनोजेन अधिक प्रमाणात बनवू लागते. कच्चा माल वाढल्यावर अँजिओटेन्सिन-२ देखील वाढते. शिवाय गोळीतील इथिनाइल इस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतात सहजासहजी नष्ट होत नाही, त्यामुळे यकृतावरचा त्याचा प्रभाव नैसर्गिक इस्ट्रोजेनपेक्षा बराच जास्त असतो. अनेक स्त्रियांच्या शरीरात रेनिन कमी होऊन ही वाढ भरून निघते. ज्यांच्यात ती पुरेशी भरून निघत नाही, त्यांचा रक्तदाब चढतो.

अमेरिकेत १९६० साली गर्भनिरोधनासाठी मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत तब्बल १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रानॉल हे इस्ट्रोजेन होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधील जॉन लाराघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळी घेणाऱ्या स्त्रियांमधील उच्च रक्तदाब आणि रेनिन-अल्डोस्टेरॉन यांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर मात्रा सातत्याने कमी होत गेली. आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या माला-एन गोळीत आता ३० मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायोल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. मात्रा घटल्याने धोका घटला, तरी संपला नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासाचे १९९६ मधील निष्कर्ष असे होते की, त्या वेळी गोळ्या घेत असलेल्या स्त्रियांना उच्च रक्तदाब होण्याची शक्यता कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत सुमारे १.८ पट होती. तरुण वयात मुळातला धोका थोडा असल्याने प्रत्यक्षात बाधित होणाऱ्या स्त्रिया कमीच असतात. गोळी बंद केल्यावर बहुतेकींचा रक्तदाब काही आठवड्यांत ते महिन्यांत पूर्ववत होतो.

गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा, आणि सुरू केल्यावर सुमारे तीन महिन्यांनी एकदा रक्तदाब मोजावा. ही तपासणी दोन मिनिटांची आणि जवळजवळ बिनखर्ची आहे, तरीही ती सर्रास राहून जाते. आरोग्य उपकेंद्रात गोळ्यांची पाकिटे घ्यायला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या दंडाला एकदा तरी पट्टा बांधला जावा, अशी अपेक्षा ठेवणे मुळीच अवाजवी नाही.

रक्तदाब आधीपासून आहे. मग कोणते साधन वापरावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार, वरचा आकडा १६० किंवा अधिक अथवा खालचा १०० किंवा अधिक असल्यास इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या वापरूच नयेत. १४० ते १५९ किंवा ९० ते ९९ या टप्प्यात त्या सहसा टाळाव्यात, आणि औषधांनी आटोक्यात असलेल्या रक्तदाबालाही हाच नियम लागू होतो. यामागचे कारण केवळ आकडा चढण्याचे नाही. उच्च रक्तदाब आणि इस्ट्रोजेनयुक्त गोळी एकत्र आल्यास पक्षाघात व हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते, आणि त्यात तंबाखूचे धूम्रपान असेल तर ती आणखी वाढते.

पर्याय भरपूर आहेत. कॉपर-टीमध्ये संप्रेरक नसतेच. गर्भाशयात बसवले जाणारे लेव्होनॉरजेस्ट्रेलचे साधन आणि केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या यांत इस्ट्रोजेन नसते. सरकारी कार्यक्रमातील ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन बहुतेकींना चालते, मात्र रक्तदाब फार चढलेला असल्यास ते सहसा टाळतात. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेल्या सेंटक्रोमॅनची गोळी आहे. ती स्टेरॉइड वर्गातली नाही आणि तिच्यात इस्ट्रोजेन नाही. यकृताचा आजार, नुकतीच झालेली कावीळ किंवा अंडाशयातील गाठी असतील, तर तिच्याबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे.

गरोदरपणात संप्रेरके इतकी वाढतात, तरी रक्तदाब उतरतो कसा?

शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदय अधिक रक्त ढकलू लागते, तरीही रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की रक्तदाब उतरतो. ही घसरण पहिल्या तिमाहीतच सुरू होते, मधल्या महिन्यांत रक्तदाब सर्वांत कमी असतो आणि शेवटच्या महिन्यांत तो हळूहळू पूर्वीच्या पातळीकडे परततो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रिलॅक्सिन हे आणखी एक संप्रेरक यांचा यात मोठा हात असतो. या काळात अँजिओटेन्सिन-२ चे प्रमाण चढलेले असते, पण वाहिन्या त्याला दाद देत नाहीत. १९७३ मध्ये डॅलस येथील नॉर्मन गँट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्या गरोदर स्त्रियांमध्ये ही दाद न देण्याची क्षमता हळूहळू हरपत जाते, त्यांना पुढे गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा विकार होतो, आणि हा बदल रक्तदाब चढण्याच्या कित्येक आठवडे आधी सुरू झालेला असतो.

व्यवहारात याचा एक अर्थ फार महत्त्वाचा आहे. गरोदरपणापूर्वीच रक्तदाब असलेल्या स्त्रीची पहिली तपासणी चौथ्या-पाचव्या महिन्यात झाली, तर तिचा आकडा नेमका त्या वेळी ‘नॉर्मल’ दिसू शकतो. म्हणून नाव नोंदवणे आणि पहिली मोजणी पहिल्या तीन महिन्यांतच व्हायला हवी.

प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार) संप्रेरकांमुळे होतो का?

मुख्य कारण संप्रेरके नव्हेत. वार गर्भाशयात नीट रुजली नाही तर तिला पुरेसे रक्त मिळत नाही आणि ती काही प्रथिने आईच्या रक्तात सोडते. ही प्रथिने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आवश्यक असलेले वाढीचे घटक अडवतात. त्यामुळे इस्ट्रोजेन ज्या अस्तराकरवी वाहिन्या सैल ठेवते, ते अस्तरच दुबळे होते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि लघवीतून प्रथिन जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातील प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसणे, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चकाकी, बरगड्यांखाली पोटात दुखणे, अचानक चेहऱ्यावर सूज, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे. धोका अधिक असलेल्या स्त्रियांना डॉक्टर कमी मात्रेतील ॲस्पिरिन सुरुवातीच्या महिन्यांतच सुरू करतात.

बाळंतपण झाले म्हणजे धोका टळला, हा समज घातक आहे. प्रसूतीनंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक चढतो, आणि तोवर बहुतेक बाळंतिणी घरी गेलेल्या असतात. आपल्याकडे बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत असल्याने नऊ महिन्यांच्या नोंदी एका गावात आणि बाळंतीण दुसऱ्या गावात, असेही अनेकदा घडते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आशा किंवा परिचारिकेकडून रक्तदाब मोजून घेणे, हे बाळाच्या लसीइतकेच गांभीर्याने घ्यावे. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेला आहे, त्यांना पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकार होण्याची शक्यता इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक असते. त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावी आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांकडे गेल्यावरही हा इतिहास आवर्जून सांगावा.

रजोनिवृत्तीनंतर रक्तदाब वाढतो, तो संप्रेरके घटल्यामुळे की वयामुळे?

दोन्हींमुळे, आणि दोन्हींचे वाटे पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होते. तरुणपणी स्त्रियांचा रक्तदाब पुरुषांपेक्षा कमी असतो, साठीच्या पुढे हे चित्र अनेक देशांत उलटते. भारतातील रजोनिवृत्तीचे सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, जे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षांनी कमी आहे. म्हणजे आपल्याकडील स्त्रिया या टप्प्यात लवकर येतात.

इस्ट्रोजेन घटले की वाहिन्यांचे अस्तर कमी नायट्रिक ऑक्साइड बनवते, रोहिण्या कडक होऊ लागतात, रेनिनच्या साखळीवरील लगाम सैल होतो आणि पोटाभोवती चरबी साठते. झोप मोडणे आणि अंगातून वाफा निघणे यांचाही भार पडतो. सर्वांत दुर्लक्षित बदल मिठाचा आहे. अंडाशये काढलेल्या स्त्रियांच्या २००६ मधील एका अभ्यासात, मिठामुळे रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती असलेल्या स्त्रियांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच दुपटीहून अधिक झाले. वयात इतक्या थोड्या काळात फरक पडत नाही, त्यामुळे हा परिणाम संप्रेरकांचाच म्हणावा लागतो. जेवणात वरून घेतलेले मीठ, लोणचे, पापड, खारवलेली मिरची, सुकी मासळी यांचा जो भार तिशीत शरीराने सहज पेलला, तो पन्नाशीत पेलला जाईलच असे नाही.

तरी सर्व खापर रजोनिवृत्तीवर फोडणे चुकीचे ठरेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३३ हजार अमेरिकी स्त्री-पुरुषांच्या मोजणींवर आधारित विश्लेषणात असे आढळले की, स्त्रियांच्या रक्तदाबाची चढण पुरुषांपेक्षा तीव्र असते आणि ती विशीच्या वयातच सुरू होते. ‘पाळी आहे तोवर काळजी नाही’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

गर्भाशय काढले आहे, अंडाशये ठेवली आहेत. तरीही काळजी घ्यावी का?

घ्यावी. अंडाशये ठेवली तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते, आणि पाळी आधीच थांबलेली असल्याने तिची चाहूल लागत नाही. अंडाशयेही काढली असल्यास इस्ट्रोजेन एका दिवसात घटते. महाराष्ट्रासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये ऐन तरुण वयात मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या वेळची चर्चा प्रामुख्याने शस्त्रक्रिया का झाल्या याची होती आणि ती आवश्यकच होती. पण या स्त्रिया आज चाळिशीत येत आहेत किंवा आल्या आहेत, उसाच्या फडात पहाटेपासून राबत आहेत, आणि त्यांचा रक्तदाब, साखर आणि हाडांची तपासणी नियमित होणे हा त्यांचा हक्क आहे. अशा प्रत्येक स्त्रीने शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा आणि अंडाशये काढली की ठेवली, हे त्यावरून विचारून घ्यावे.

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरक उपचार (बाहेरून संप्रेरके देणे) घेतल्याने रक्तदाब कमी होईल का?

त्या अपेक्षेने हा उपचार घेऊ नये. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत १६,६०८ स्त्रियांपैकी ज्यांना तोंडावाटे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दिले गेले, त्यांचा वरचा आकडा इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड अंकाने जास्त राहिला. चाचणीचा तो भाग २००२ मध्ये इतर धोक्यांमुळे थांबवण्यात आला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यामुळे पन्नाशीतील स्त्रीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही.

अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे अशा त्रासांसाठी हा उपचार उपयोगी आहे आणि अनेकींना त्याची खरी गरज असते. अशा वेळी मार्ग महत्त्वाचा ठरतो. त्वचेवर लावायचे जेल किंवा चिकटपट्टी यांतील इस्ट्रोजेन यकृताची पहिली फेरी टाळते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या २०२३ मधील अभ्यासात तोंडावाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाबाची शक्यता त्वचेवाटे घेणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी अधिक आढळली. रक्तदाब असलेल्या स्त्रीने गोळीऐवजी जेल मिळेल का, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे.

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) असल्यास?

यात पुरुष-संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि इन्सुलिनचा प्रभाव घटतो. दोन्हींमुळे लहान वयातच रक्तदाब चढू शकतो. पाळी नियमित करण्यासाठी याच मुलींना अनेकदा इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या दिल्या जातात, म्हणून त्यांची मोजणी अधिक काटेकोर असावी.

ज्येष्ठमध, शतावरी, सोयाबीन घ्यावे का?

आहारातील सोयाबीनला हरकत नाही, मात्र त्यापासून औषधासारख्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये. रक्तदाबाच्या औषधाऐवजी शतावरी घेऊ नये. ज्येष्ठमधाबाबत मात्र स्पष्ट इशारा द्यावा लागतो: ते नियमित आणि जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरातील कॉर्टिसोल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते, मीठ साचते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. स्त्रियांसाठीच्या काही चूर्णांत व काढ्यांत ज्येष्ठमध असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत.

स्त्रियांसाठी रक्तदाबाची औषधे वेगळी असतात का?

औषधे तीच असतात, पण निवडताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. मूल होण्याची शक्यता असलेल्या वयात एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी औषधे चालू असल्यास गर्भधारणा ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, कारण ती गर्भाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात. गरोदरपणात लेबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा वापरली जातात. एनालाप्रिल गटातील औषधांनी होणारा कोरडा खोकला आणि अम्लोडिपिनने येणारी घोट्यांची सूज स्त्रियांमध्ये अधिक आढळते. असा त्रास झाला की गोळी बंद करण्याऐवजी ती बदलून घ्यावी.

रजोनिवृत्तीच्या सुमारास सुरू झालेली गोळी पुढे बंद होते का?

काहींची मात्रा कमी होते, विशेषतः वजन उतरल्यास, मीठ कमी केल्यास आणि झोप सुधारल्यास. बहुतेकींना मात्र औषध चालूच ठेवावे लागते, कारण वाहिन्यांत झालेला बदल मागे फिरत नाही. निर्णय घरच्या मोजणीवर आधारावा: सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून प्रत्येकी दोन वेळा, असे सात दिवस मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ च्या खाली सातत्याने राहत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा कमी करण्याविषयी बोलावे.